नसलेल्या पिस्तुलाचं विज्ञान

एक पिस्तूल आहे. ते कुठल्याही कारखान्यात कधी घडलं नाही, कुणाच्या कमरेला कधी लटकलं नाही. तरी त्याच्या गोळीचा व्यास ठरलेला आहे, १० मिलिमीटर. गोळ्यांचे प्रकारही ठरलेले आहेत. एक बेशुद्ध करणारी, एक वायू सोडणारी, एक स्फोट होणारी आणि एक स्फोटानं चिलखत भेदणारी. गोळी मुद्दाम संथ सुटावी अशी त्याची रचना, कारण हे पिस्तूल जिथे चालवायचं तिथे माणसाला वजनच नसतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून १९७८ साली प्रकाशित झालेल्या ‘मर्सिनरी’ नावाच्या छोट्या काळ्या पुस्तकात हे ‘स्नब पिस्तूल’ भेटतं. हे पुस्तक म्हणजे ‘ट्रॅव्हलर’ या खेळाच्या नियमांचा चौथा भाग. पिस्तूल सगळं कागदावरचं. पण त्यामागचं भौतिकशास्त्र तपासून पाहावं, तर ते थक्क करण्याइतकं खरं निघतं.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. दार कुठे आहे, दारामागे कोण उभं आहे, बाहेर हवा आहे की निर्वात पोकळी, हे त्यानं सांगायचं. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते पात्र काय करतं ते बोलून दाखवायचं. निकाल उघड असेल तर सूत्रधार तो सांगून टाकतो. निकाल कसाही लागू शकत असेल, तर फासे पडतात. नेपथ्य नाही, पडदा नाही. सगळं घडतं ते बोलण्यात आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे.

या खेळांची वंशावळ युद्धाच्या खेळांकडे जाते आणि तिचं मूळ आपल्याकडच्या चतुरंगात आहे. चतुरंगातून बुद्धिबळ आलं. जर्मनीत ब्रन्सविकच्या योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या, तोफा आणल्या. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्झ यांनी १८२४ मध्ये पटाऐवजी नकाशा घेतला, माऱ्याचा परिणाम ठरवायला फासे घेतले आणि वाद तोडायला पंच बसवला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहिलं. त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी सुटायची आणि शिशाचे सैनिक खरोखर आडवे व्हायचे. पुढे १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. आता माणूस फौज चालवत नव्हता, एकच पात्र जगत होता. आणि वेल्सची ती लाकडी गोळीसुद्धा नाहीशी झाली. तिच्या जागी एक आकडा आला.

हा आकडा सुरुवातीला फार भोळा होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या आवृत्तीत कुठल्याही शस्त्राचा घाव एकाच सहा बाजूंच्या फाशानं मोजला जाई. खंजीर खुपसा नाहीतर दोन हातांची तलवार चालवा, इजा १ ते ६. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा मिळाला. त्या एका बदलानं तलवार निवडणं हा विचार करण्याचा विषय झाला. जास्त लागणारं शस्त्र हवं, की एक हात ढालीसाठी मोकळा ठेवणारं? शस्त्रांना स्वभाव मिळायला इथे सुरुवात झाली.

मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ १९७७ चा. एका पेटीत तीन काळी पुस्तकं आणि विश्वाएवढा पसारा. या खेळात बहुतेक सगळं दोन साध्या फाशांवर चालतं, आणि ते दोन फासे म्हणजे गणिताची मोठी गंमत आहे. दोन फाशांची दानं एकूण ३६ प्रकारांनी पडतात. त्यांपैकी बेरीज ७ येण्याचे सहा मार्ग, १२ येण्याचा फक्त एक. नेम लागायला मूळ नियमाप्रमाणे ८ किंवा जास्त हवेत. तसे १५ मार्ग आहेत, म्हणजे शक्यता सुमारे ४२ टक्के. चांगल्या शस्त्रानं किंवा सरावानं दानात एक मिळवता आला तर २१ मार्ग होतात आणि शक्यता ५८ टक्क्यांवर जाते. एका अंकानं सोळा टक्क्यांहून जास्त फरक! पण आडोशामागच्या, लांबच्या शत्रूवर १२ हवे असतील तर शक्यता तीन टक्क्यांपेक्षाही कमी. तिथे तोच एक अंक शक्यता तिप्पट करतो, आणि तरी ती नऊ टक्क्यांच्या आतच राहते. वीस बाजूंच्या एका फाशावर खेळलात तर प्रत्येक अंकाची किंमत साधारण सारखीच, पाच टक्के. दोन फाशांवर मात्र तीच गोळी एका प्रसंगी सोन्याची, दुसऱ्या प्रसंगी कवडीमोल. शस्त्र तेच राहतं, परिस्थिती त्याची किंमत ठरवते. खऱ्या रणभूमीवरचं हे सत्य दोन ठोकळ्यांत मावलं आहे.

आणि गोळी लागल्यावर काय होतं ते पाहा. ‘ट्रॅव्हलर’मध्ये जखमेसाठी वेगळा साठा नाही. घाव थेट पात्राच्या ताकदीतून, चपळाईतून किंवा दमातून वजा होतो. यांतला प्रत्येक गुण दोन फाशांनी ठरलेला, म्हणजे सरासरी ७. साध्या बंदुकीची इजा तीन फाशांची, म्हणजे सरासरी साडेदहा. पहिली जखम तिघांपैकी एकाच गुणावर कोसळते आणि एक गुण शून्यावर आला की माणूस बेशुद्ध. सातातून साडेदहा वजा हे गणित ज्या खेळाडूला एकदा कळलं, तो बंदूक काढण्याआधी बोलून मार्ग निघतो का ते पाहतो. कुठलंही प्रवचन न देता, केवळ बेरीज-वजाबाकीनं, नियम त्याला सांगतो की गोळी ही भयंकर गोष्ट आहे.

आता त्या स्नब पिस्तुलाकडे येऊ. ते संथ का असावं? न्यूटनचा तिसरा नियम आठवा. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगानं सुटली, तर पोशाखासह १४० किलोचा अंतराळवीर सेकंदाला दोन सेंटिमीटर वेगानं मागे सरकतो. ऐकायला हे काहीच नाही. पण पृथ्वीवर पाय रोवून उभं राहता येतं, अंतराळात पायाखाली काही नसतं. दहा गोळ्या झाडल्या की वेग वीस सेंटिमीटर, आणि मिनिटाभरात माणूस यानापासून बारा मीटर दूर. शिवाय पिस्तूल धरलेला हात शरीराच्या मध्यावर नसतो, त्यामुळे माणूस नुसता मागे जात नाही, गिरक्या घेऊ लागतो. दुसरा नेम धरेपर्यंत शत्रू डोक्याच्या दिशेला गेलेला असतो. म्हणून गोळी संथ हवी. पण संथ गोळी चिलखत कसं भेदणार?

इथे त्या चार प्रकारच्या गोळ्या कामाला येतात. गोळीत वेग नसेल तर काम तिच्या पोटातल्या स्फोटकानं करायचं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मन्रो यांनी १८८८ मध्ये दाखवून दिलं होतं की स्फोटकाला पोकळ खळगा ठेवला तर स्फोटाची ताकद एका दिशेला एकवटते. दुसऱ्या महायुद्धातल्या बझूकापासून याच तत्त्वावर रणगाडे फोडले गेले. या भेदनाला गोळ्याच्या वेगाची फारशी गरज लागत नाही. संथ पिस्तूल आणि स्फोटक गोळी ही जोडी म्हणूनच शास्त्राला धरून आहे. लेखकांनी आधी अडचण मान्य केली आणि मग तिच्यातून दारूगोळा शोधला.

त्याच पुस्तकात दुसरं उत्तरही आहे, ‘अ‍ॅक्सेलरेटर रायफल’. तिची गोळी नळीतून हळू बाहेर पडते आणि बाहेर आल्यावर तिच्यातला दुसरा दारूचा भाग पेटून तिला वेग देतो. धक्का बंदूकधाऱ्याला जवळजवळ बसतच नाही. ही कल्पना हवेतली नव्हती. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एमबी असोसिएट्स या कंपनीनं ‘जायरोजेट’ नावाचं खरंखुरं पिस्तूल बनवलं होतं. त्याची १३ मिलिमीटरची गोळी म्हणजे चिमुकलं रॉकेट. बुडाशी असलेल्या तिरक्या छिद्रांतून वायू सुटायचा, त्यानं गोळी पुढेही जायची आणि स्वतःभोवती फिरायचीही. धक्का जवळजवळ नाही. पण अगदी जवळून झाडली तर गोळीनं वेगच घेतलेला नसे, आणि लांबून झाडली तर नेमाचा भरवसा नसे. जायरोजेट बाजारात टिकलं नाही. कल्पनेच्या जगात मात्र त्याचा वंश वाढला. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या विश्वातलं प्रसिद्ध ‘बोल्टर’ हे रॉकेट-गोळीचंच भव्य रूप आहे, आणि त्यावर बेतलेल्या ‘डेथवॉच’ या २०१० च्या रोल-प्लेइंग खेळात बोल्टरसाठी खास गोळ्यांचा ताफाच दिला आहे. राक्षसी कीटकांसारख्या शत्रूंसाठी एक, जाड चिलखतासाठी दुसरी, आवाज न करता मारण्यासाठी तिसरी.

‘ट्रॅव्हलर’मधलं सर्वांत लाडकं शस्त्र बहुधा गॉस रायफल. दारू नाही, स्फोट नाही. नळीभर विद्युत चुंबकीय क्षेत्र, आणि त्यातून खेचली जाणारी ४ मिलिमीटरची सुईसारखी गोळी. समजा ही सुई चार ग्रॅमची आहे आणि सेकंदाला दीड हजार मीटर वेगानं सुटते. तिची ऊर्जा ४,५०० ज्यूल भरते. कलाश्निकोव्ह रायफलच्या आठेक ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा सुमारे २,००० ज्यूल. पण मागे बसणारा धक्का दोन्हींचा जवळपास सारखाच! कारण धक्का वेगाच्या पटीत वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत. गोळी हलकी आणि वेगवान केली की खांद्याला न दुखवता लक्ष्यावरचा मारा दुपटीहून जास्त होतो. मग अशी रायफल आज का नाही? अर्ध्या मीटरच्या नळीत हा वेग द्यायचा तर सगळी ऊर्जा सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागात ओतावी लागते. ती शक्ती भरते साडेसहा मेगावॉटच्या वर. एखादी मेल गाडी ओढणारं विजेचं इंजिन एवढी शक्ती देत नाही. ती हातातल्या बंदुकीत, क्षणभरापुरती का होईना, मावायला हवी.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलंड यांनी १९०१ मध्येच विद्युतचुंबकीय तोफेचं पेटंट घेतलं होतं. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात निमंत्रितांपुढे त्यांनी तोफेची कळ दाबली आणि शॉर्टसर्किट होऊन भयानक आवाजासह विजेची प्रचंड ज्वाला उसळली. तोफ फसली. पण त्याच ज्वालेच्या उष्णतेनं हवेतला नायट्रोजन बांधता येईल हे बिर्कलंड यांनी ओळखलं, उद्योजक साम एयडे यांच्याबरोबर ती पद्धत उभी केली आणि त्यातून खतांचा कारखाना निघाला. तोफ व्हायची ती शेतकऱ्याच्या कामी आली. अमेरिकी नौदलानं २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलची अशी तोफ डागून दाखवली आणि २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला. गॉस रायफल अजून तरी काळ्या पुस्तकातच निर्धास्त चालते.

वजनरहित जागेत सर्वांत सोयीचं शस्त्र खरं तर लेझर. प्रकाशालाही संवेग असतो, पण तो इतका सूक्ष्म की ४,५०० ज्यूलच्या लेझर झोताचा धक्का त्या सुईच्या धक्क्याच्या चार लाखाव्या भागाएवढा. मग सगळेच लेझर का घेत नाहीत? कारण ‘ट्रॅव्हलर’च्या लेझर रायफलला पाठीवर जड वीजसंच वाहावा लागतो. आणि समोरच्यानं ‘रिफ्लेक’ नावाचं चकचकीत कवच घातलं असेल तर झोत परतून जातो. दुसरं एक कवच ‘अ‍ॅब्लॅट’. ते स्वतः जळून, वाफ होऊन झोताची उष्णता घेऊन जातं. अपोलो यान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना त्याचं उष्णतारोधक आवरण याच रीतीनं जळून आतल्या अंतराळवीरांना वाचवत होतं. पण रिफ्लेक घातलेल्या माणसाला साधी पिस्तुलाची गोळी सहज लागते. गोळी अडवायला विणलेलं ‘क्लॉथ’ कवच हवं. एकाच शस्त्रानं सगळे शत्रू हरत नाहीत आणि एकाच कवचानं सगळी शस्त्रं अडत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी विचारावं लागतं, तिथे आपल्याला कोण भेटणार आहे?

या सगळ्याहून मला विलक्षण वाटतो तो ‘कायद्याचा स्तर’. ‘ट्रॅव्हलर’मधल्या प्रत्येक ग्रहाचा हा स्तर फाशांनी ठरतो आणि त्यावरून तिथे कुठली शस्त्रं बाळगता येतात ते कळतं. पहिल्याच स्तरावर बंदी येते ती स्फोटकांवर, विषारी वायूंवर आणि ‘बॉडी पिस्तुला’वर. हे पिस्तूल छोटं, कमकुवत, पण धातुशोधक यंत्राला न सापडणारं. सगळ्यांत आधी बंदी त्यावर, ताकदवान रायफलवर नाही! राज्यसंस्थेला धास्ती कशाची असते, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं वाक्य राज्यशास्त्राच्या पुस्तकात शोधावं लागेल. दुसऱ्या स्तरावर लेझर जातात, तिसऱ्यावर मशीनगन, पाचव्यावर लपवता येणारी पिस्तुलं, सातव्यावर शॉटगन. आठव्यावर लांब पात्यांवर नियंत्रण येतं आणि नवव्यावर घराबाहेर कुठलंही शस्त्र नेता येत नाही. विश्वातली सर्वांत भारी रायफल खांद्यावर घेऊन उतरलेला खेळाडू अशा ग्रहावर रिकाम्या हातांनी शहरात शिरतो. तिथून पुढे कामाला येतं ते डोकं.

इतर खेळांनी नसलेल्या शस्त्रांच्या या कल्पनेला आपापले रंग दिले. ‘पॅरानोइया’ हा १९८४ चा खेळ घडतो जमिनीखालच्या एका नगरात, जिथे सगळा कारभार एका संगणकाच्या हाती आहे. इंद्रधनुष्याच्या क्रमानं माणसांचे दर्जे ठरलेले आणि लेझरच्या नळ्यांचेही. संशोधन विभाग खेळाडूंच्या हाती न तपासलेली प्रायोगिक शस्त्रं सोपवतो. ती चालतात की नाही हे त्यांनीच जीव धोक्यात घालून शोधायचं. इथे शस्त्राची शंका हाच खेळाचा प्राण. ‘शॅडोरन’ हा १९८९ चा. त्यातल्या बंदुकांत घालायला एपीडीएस नावाची चिलखतभेदी गोळी मिळते. हा प्रकार दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी रणगाड्यांविरुद्ध खरोखर वापरलेला होता. तिच्या शेजारीच आहे जेलची गोळी, ठार न करता पाडणारी. गल्लीत उभं राहून कुठली भरायची, या निवडीतून ते पात्र कसं आहे हे उघडं पडतं.

या सगळ्या शस्त्रांत समान काय आहे? प्रत्येकाला एक उणीव आहे आणि ती उणीवच त्याला खरेपणा देते. स्नब पिस्तुलात वेग नाही, लेझर आरशापुढे हरतं, गॉसला वीज हवी, बॉडी पिस्तूल पहिल्याच कायद्यात अडकतं. हे मर्म आपल्या महाभारतकारांना पुरतं ठाऊक होतं. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्रानं कर्णाला दिलेली शक्ती अमोघ होती, पण एकदाच चालणारी. त्या एका अटीमुळे कर्ण ती अर्जुनासाठी जपून ठेवतो, त्या अटीमुळेच घटोत्कचावर ती खर्ची पडते आणि युद्धाचा पुढचा रस्ता बदलतो. अट काढून टाका, आणि उरेल ते फक्त जोरदार शस्त्र. त्यातून गोष्ट घडणार नाही.

खेळाचं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला हवं तेवढं सामर्थ्य एका ओळीत देता येतं. ‘हे शस्त्र सगळ्यांना मारतं’ असं लिहायला शाईखेरीज काही लागत नाही. पण चांगले लेखक तसं करत नाहीत. ते धक्का, वजन, वीज, कायदा, किंमत मोजतात, आणि प्रत्येक मोजणीतून खेळाडूपुढे एक प्रश्न ठेवतात. ज्यानं कधी बंदुकीला हात लावला नाही अशा मुलाला संवेग आणि ऊर्जा यांतला फरक कळतो, शक्यतांचं गणित बोटांवर येतं आणि बंदूक काढायची की नाही यावर तो मित्रांशी तासभर वाद घालतो. भौतिकशास्त्र, संभाव्यता आणि नीतिविचार यांना एकाच संध्याकाळी टेबलाभोवती आणणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरात सापशिडीचा एखादा फासा असेलच, आणखी एक आणा. कागदावर एका नसलेल्या शस्त्राचं नाव लिहा आणि खाली तीन ओळी लिहा. ते काय करतं, काय करू शकत नाही आणि कुठे त्याला बंदी आहे. यातली पहिली ओळ झटकन सुचेल. दुसरी आणि तिसरी लिहायला वेळ घ्या, मुलांना सोबत घ्या, हिशेब करून पाहा. ते शस्त्र जगात कधीच नसेल, पण त्यामागचा विचार तुमचा स्वतःचा असेल.